अक्काच्या हातची आंबील

६ ऑक्टोबर, सोमवार

“अक्का, आजपासून म्या फक्त तुझ्या हातचं खाणार.”

नंदीशच्या या वाक्याला सोळा वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ. तेव्हा बावीसचा होता, धाराशिवचं कॉलेज अर्धवट सोडून उमरग्याला घरी आलेला. अव्वानं वाढलेलं ताट त्यानं अंगणात भिरकावलं होतं, आईच विष घालते म्हणून. तीन दिवस नुसत्या पाण्यावर होता. मग मी ताट केलं, त्याच्या देखत पहिला घास खाल्ला, आणि तो हे बोलला. मला रडूच फुटलं. केवढा विश्वास!

सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं — स्किझोफ्रेनिया. दवाखान्यात होता तोवर गोळी घेतली. घरी आल्यावर थुंकायला लागला. “मला काय झालंय? तुमालाच झालंय.” दोनदा पुन्हा भरती करावं लागलं. शेवटी त्या वाक्याचाच वापर केला. विरघळणारी गोळी, वास नाही. रोज संध्याकाळी त्याच्या ताकात. मी विरघळवते, मी पेला देते, माझ्या हातचं म्हणून तो पितो.

आज शाळेत माझ्यासोबत शिकवणारी अयोध्या कदम म्हणाली, “मॅडम, सहलीला चला की. दोन रात्रींचा तर मुक्काम!” आईला बरं नसतं, म्हटलं. आई ठणठणीत आहे. दोन रात्री — म्हणजे दोन पेले. ते कोण देणार?

तोही अडकला त्या वाक्यात. मीही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नंदीश मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. स्वतःहून! एक व्हिडिओ दाखवला — पोटातले जंतू आणि मेंदू यांचा संबंध, त्यावरचे प्रयोग, वगैरे.

“बघ. म्या किती वर्षं बोंबलायलोय, डोक्यात न्हाय, पोटात बसलेत म्हणून.”

त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांना तो पंचायत म्हणतो. पंचायत पोटात भरते, त्याच्यावर निकाल देते. त्यात एक पोट खरंच खराब. चार-चार दिवस साफ होत नाही — गोळीनं होतं तसं, पण ते त्याला कसं सांगू? तो संडासातून घामाघूम होऊन बाहेर येतो आणि म्हणतो, आज लई बैठक चालली.

“ही पावडर मागव, अक्का. चांगले जंतू आत सोडले की ही मंडळी उठतील.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सोळा वर्षांत त्यानं पहिल्यांदा औषध मागितलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

सोलापूरला एकटीच गेले. दर महिन्याला एकटीच जाते. डॉक्टर नंदीशला आता माझ्या बोलण्यातूनच ओळखतात.

पावडरचं विचारलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, यावर अभ्यास चालू आहेत. काही लहान अभ्यासांत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही. पोट साफ व्हायला उपयोग होईल, तेही होईलच असं नाही. “जोडीला द्या. बदल्यात नाही. गोळीला हात लावायचा नाही.”

चिठ्ठी लिहिताना मान खाली घालूनच विचारलं, “मॅडम, त्याला कधी सांगणार?”

“सांगितलं तर खाणं सोडेल.”

“मीच परवानगी दिली होती. काही महिन्यांपुरती. सोळा वर्षं नव्हे.” मग जरा थांबून म्हणाले, “पण आता तो स्वतःच्या हातानं काहीतरी घेणार आहे ना? ते पावडरपेक्षा मोठं आहे. दार उघडतंय. बघा.”

येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. नळदुर्गच्या पुढं रान पावसानं नुसतं चिबाडलेलं, सोयाबीन काळं पडलेलं. बाजूची बाई विचारत होती, कुठं गेला होता, कोण आजारी? मीच, म्हटलं. एवढ्या सहज निघालं!

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहिली पुडी. अव्वानं मायेनं गरम दुधात कालवली. नंदीशनं कपाळावर हात मारला.

“अगं अव्वा! जिवंत जंतू असतेत त्यात! उकळून मारलीस की समद्यांना!”

“मला काय ठावं? जंतूंना बी बाळंतिणीवानी जपायचं का आता?”

आणि तो हसला. दात दिसेपर्यंत! अव्वा पदराआड तोंड नेऊन हसली. मग त्यानं दुसरी पुडी स्वतः फोडली, गार पाण्यात ढवळली, आमच्या दोघींसमोर उभ्यानं प्यायला. पेला पालथा धरून दाखवला — थेंब नाही.

संध्याकाळी मी ताक दिलं. तेही प्यायला. नेहमीसारखं, माझ्याकडे न बघता.

दोन पेले, एकाच ओट्यावर पालथे. एक त्याचा. एक माझा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ओवाळलं. तबकात त्यानं एक पुडी टाकली. “तूबी घे अक्का. तुझंबी पोट बरं न्हाय, चेहऱ्यावर दिसतंय.”

घेतली. गोडूस लागते.

५ नोव्हेंबर, बुधवार

पोट रोज साफ होतंय. खुदकन हसू येतं लिहिताना, पण आमच्या घरात ही सणासारखी बातमी आहे. अव्वा शेजारणींना सांगत सुटत नाही एवढंच!

भूक नीट झाली. दाढी करून आला. काल बलभीमच्या मोटारसायकलवर बसून रानात गेला. आमची पट्टी बलभीमच वाट्यानं करतो, त्याचं रान बांधाला लागूनच. त्याची आई धुरपताकाकू मला आज बाजारात भेटली. सत्तरीची, आवाज पार दुसऱ्या गल्लीत जाणारा.

“भुवनामॅडम! तुमचा नंदीश काल माझ्या शेजारी बसून शेंगा फोडून गेला की! म्या म्हटलं, कुठं व्हतास रं इतकी वर्सं? तर म्हणतोय, काकू, पंचायत लई लांबली. म्या म्हटलं, व्हय बाबा, आमच्या गावची बी निवडणूक किती वर्सं लांबली!”

भर बाजारात मी हसले. मग घरी येईपर्यंत डोळे पुसत होते.

रात्री जेवताना तो सहज म्हणाला, “उठायलेत मंडळी. दोघं-तिघंच राहिलेत.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

अव्वा आज दळण निवडता निवडता म्हणाली, “भुवना, पुडीनं गुण आलाय. मग लेकराला आता फशिवतीस कशाला?”

मी सुपातले खडे वेचत राहिले.

“तुझाबी जीव मोकळा हुईल.”

हेच तर! हेच मी महिनाभर मनात येऊ देत नव्हते. पावडरनं बरा होतोय म्हणजे गोळी सुटेल. गोळी सुटली की ताक फक्त ताक राहील. मी अयोध्याबरोबर सहलीला जाईन. संस्थेनं तुळजापूरच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी नको म्हटलं. पुन्हा विचारतील का? तिथं एक खोली घेईन. संध्याकाळी कुणाच्याही पेल्यात काहीही न घालता खिडकीत बसेन.

आणि त्याच्या डोळ्यांत बघेन. ताक देताना मी त्याच्या डोळ्यांत बघत नाही, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

डॉक्टर बदल्यात नाही म्हणाले होते. अर्धी केली तर ते बदल्यात होत नाही.

आज अर्धी घातली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काही झालं नाही. छान बोलला. अर्धी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्धीच. तो म्हणाला, “अक्का, तू आजकाल गुणगुणतीस.”

२४ नोव्हेंबर, सोमवार

चुकलं.

परवापासून खोलीत पुटपुटणं. काल अंघोळ नाही. आज शाळेतून आले तर खिडकीला चादर लावलेली. “बलभीमची गाडी तीनदा गेली घरावरून. बातमी पोचवायलाय तो.” कुणाला? “पंचायतीला. परत जमायलेत.” पुड्या मात्र दोन-दोन घेतोय. पोट साफ, भूक चांगली — आणि तरी.

डॉक्टरांना फोन केला. एकदाच रागावले, पण रागावले. “पोटाला बरं वाटलं त्याला. ते खोटं नाही. पण आवाज धरून ठेवलेत ते गोळीनं. आज रात्रीपासून पूर्ण. आणि तुमच्या सुटकेसाठी त्याच्यावर प्रयोग नको.”

तुमच्या सुटकेसाठी — हे मी त्यांना बोलले नव्हते. ओळखलं त्यांनी.

आज पूर्ण घातली. पेला देताना हातात कलला. त्यानंच खालून हात लावून धरला. “सांडशील, अक्का.”

६ डिसेंबर, शनिवार

पुन्हा ताळ्यावर. चादर निघाली. माझं गुणगुणणं बंद आहे — त्यानंच सांगितलं.

सहल गेली. अयोध्यानं मोबाईलवर एक फोटो पाठवला, मुली हात उंचावून उभ्या. सुंदर म्हणून उत्तर दिलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

शुक्रवारी येळवस, रानात पूजा करून जेवायची वेळ अमावस्या. या वर्षी आंबील नंदीश करणार! त्यानंच जाहीर केलं. कुठंतरी वाचलंय, आंबवलेल्या पदार्थात पुडीतल्यासारखेच जंतू असतात.

“पुड्या कशाला, आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या बिंदगी भरून होते हे औषध. तुमी उकळून वाटोळं करता.”

ज्वारीच्या कण्या शिजवून पार गार केल्या, मग ताक, मीठ, ठेचलेला लसूण. मातीच्या बिंदगीला फडकं बांधून चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवली. तासातासाला कान लावून ऐकतोय. “बुडबुडे यायलेत. जिवंत हाय!”

अव्वा म्हणाली, “गरवार पोरीच्या पोटाला कान लावल्यावानी करतंय.”

मला एकच काळजी. येळवशीला दिवसभर रानात खाणं होतं, रात्री कुणी चूल पेटवत नाही. तो तर त्या रात्री पाण्यालाही शिवत नाही. मग गोळी कधी? रानातून निघायच्या आधी, दिवेलागणीला, शेवटच्या पेल्यात. आंबिलीतच.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज लिहिता येत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

लिहिलं नाही तर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

काल दिवस सोन्यासारखा होता. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा. मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. नंदीशनं ‘ओलगे ओलगे’ म्हणत रानभर आंबील शिंपडली, आमचे वडील, अप्पा, शिंपडायचे तशीच. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून कोपीत आणत होता. येळवशीला आपल्या कोपीतून कुणी आंबील न पिता जायचं नाही — आणि यंदा तर आंबील त्याच्या हातची! “कशी झालीय? जिवंत हाय ती. उकळलेली न्हाय.” सगळे म्हणत होते, झक्कास.

दिवेलागणीला बिंदगीत तळाशी राहिली होती ती मी एका पेल्यात ओतली. कोपीच्या मागं जाऊन गोळी घातली. ढवळली. नंदीशला दिली — “पेंढी पेटवायच्या आधी पिऊन घे.” रानाभोवती पेटती पेंढी घेऊन पळायचं असतं, तो ती वळत होता. पेला हातात घेतला आणि एवढ्यात बांधावरून आवाज —

“नंदीश! समद्या उमरग्याला पाजलीस म्हणं, आन् काकूला रं?”

धुरपताकाकू. बिंदगी रिकामी. नंदीशनं एकदा बिंदगीत बघितलं, एकदा तिच्याकडं. आणि हातातला पेला तिच्यापुढं धरला.

मी म्हटलं, “काकू, ती उष्टी आहे!”

“न्हाय अक्का. ओठबी लावला न्हाय म्या.”

“असंना का उष्टी,” काकू म्हणाली. “लेकराच्या हातची हाय.”

मी हात पुढं केला होता. पेला हिसकावता आला असता. सांडता आला असता. नंदीश माझ्याकडं बघत होता, इतका खूश, इतका नीट — आणि माझ्या मनात आलं, एकच तर गोळी आहे. काय होणार? झोप येईल. एवढ्या क्षणात मी हिशेब केला. तोवर काकूनं पेला रिकामा करून मिशी पुसावी तसं तोंड पुसलं. “वा रं गड्या!”

मी बलभीमला तरी गाठून सांगायला हवं होतं, आईला आज हाताला धरून ने. ते करायलाही घाबरले. काय सांगू? का सांगू?

पेंढी पेटवून मंडळी पळत होती. काकू थोडा वेळ कोपीपाशी बसली, उठली, आपल्या रानाकडं निघाली. बांधावर भोवळ आली असणार. दगडावर डोकं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई नवीन, पोरसवदा. रक्तदाब फार खाली गेला होता. “काही खाल्लं-प्यायलं का वेगळं?” नंदीश पुढं होऊन म्हणाला, “माझी आंबील.” मी त्या बाईंना दाराबाहेर नेलं आणि गोळीचं नाव सांगितलं. किती, कधी, सगळं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग धावत आत गेल्या.

काकू सकाळी शुद्धीवर आली. कपाळाला टाके. पहिलं वाक्य — “माझं उंड्याचं गाठोडं कुठंय?”

देवा!

२२ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात भिंतींना कान असतात. बलभीम आज दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही. “मॅडम, आंबिलीत कायतरी व्हतं म्हणतेत. मी काय म्हणत न्हाय. पण म्हणतेत.”

नंदीश माझ्या मागंच उभा होता.

दुपारभर खोलीत होता. संध्याकाळी बाहेर आला, अंगणात अव्वा बसली होती तिथं जाऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तो पेला माझा व्हता. काकूचा न्हाय. मला माराया घातलं व्हतंस ना? म्या बावीसचा असल्यापासून सांगायलोय. येडा म्हणलात मला. दवाखान्यात टाकलात. आता?”

अव्वा त्याच्याकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. अव्वानं हात वर केला — मला, त्याला नव्हे — आणि म्हणाली,

“व्हय. म्याच घातलं.”

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तो अंघोळीला गेल्यावर अव्वाशी भांडले. हळू आवाजात भांडणं किती अवघड असतं!

“का म्हणालीस असं?”

“मग काय म्हणू? तुझं नाव घिऊ? माझ्या हातचं त्यानं कवाच सोडलंय. माझं काय जाणार हाय? तुझ्या हातचं सुटलं तर लेकरू मरंल.”

“पण तू काही केलं नाहीस!”

“आई हाय म्या त्याची. विष घालणारी तर विष घालणारी.”

नंदीशनं सांगितलंय, ती तरी या घरात राहील, नाही तर तो. तिला माझ्या धाकट्या बहिणीकडं, श्रीदेवीकडं, आळंदला पाठवायचं ठरलं. आळंद काही लांब नाही, पण अव्वानं या घरात अप्पांचा शेवट बघितला, तिची लिंगपूजेची जागा इथं. सगळं एका पिशवीत भरलं.

निघताना नंदीशच्या बंद दाराला हात लावला आणि दाराशीच बोलली, “पुडी गार पान्यात घी रं.”

२५ डिसेंबर, गुरुवार

तो आता ताक घेत नाही. आंबील नाही, दूध नाही, डाळ नाही. माझ्या हातची कोरडी भाकरी आणि ठेचा, तेही मी समोर तुकडा खाल्ल्यावर. “तुझ्यावर संशय न्हाय अक्का. पण ती तुझ्या नकळत बी टाकू शकती की.” अव्वा आळंदला आहे, हे सांगून उपयोग नाही.

एकच गोष्ट अजून तशीच घेतो. पुडी. बंद असते ना! कडा बोटानं चाचपून बघतो, मग फोडतो.

सोमवारपासूनची पाचवी गोळी चुकेल उद्या. खिडकीला चादर आली आहे.

आज दुपारी तो झोपला असताना मी एक पुडी घेतली. मागची चिकटवलेली कड वाफेवर धरली. सुटली — अलगद, जणू वाटच बघत होती. गोळी कुटून ठेवलेली होती. पावडरीच्या रंगात रंग मिसळला असता. इस्त्रीचा जरा चटका दिला की कड परत चिकटते, तेही बघून ठेवलं होतं. किती हुशार झाले आहे मी या कामात!

चमचा पुडीच्या तोंडाशी नेला.

ही एकच वस्तू त्यानं स्वतः मागितलेली. भाऊबीजेला त्यानं मला ओवाळणी म्हणून घातलेली. हिनं त्याचा आजार बरा केला नाही, पण हिच्यासाठी तो रोज उठतो, पेला विसळतो, स्वतःच्या हातानं स्वतःला बरं करू बघतो. सोळा वर्षांत मी त्याला कधी हे करू दिलं नाही.

हीही काढून घेतली तर त्याच्याकडं काय राहील? आणि माझ्याकडं?

कुटलेली गोळी मोरीत सोडली. उघडलेली पुडी मीच प्यायले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

शाळेतून परस्पर धुरपताकाकूकडं गेले. बाजेवर बसली होती, कपाळाला पांढरी पट्टी. बलभीम मला बघून उठून गोठ्याकडं गेला.

मी सगळं सांगितलं. गोळी कसली, कधीपासून, पेला कुणी भरला. आणि मी बघत होते, हेही. तुम्ही पीत होता आणि मी थांबवलं नाही.

काकूनं कपाळावरची पट्टी चाचपली. मग, “म्हणजे तुमच्या आईनं, प्रेमाबाईनं न्हाय.”

“नाही.”

“तरीच. तिला साधी भज्जी अळणी का खारट कळत न्हाय, ती काय इख घालनार!” हसायला गेली आणि टाका ओढला म्हणून कळवळली. मग माझ्याकडं रोखून बघितलं. “मेले असते मॅडम म्या.”

“हो.”

“त्याचा पेला हिसकून घेतला असता तर जगबुडी झाली असती व्हय?”

मी म्हटलं, “तो खाणं सोडेल, काकू. सांगितलं तर.”

“आता काय लई जेवायलाय?”

मी उठले.

निघताना तिनं हाताला धरलं. राग गेला नव्हता तिचा, हात घट्ट होता. “लेकरानं माझ्या म्होरं पेला धरला तवा काय म्हणाला ठावं हाय? ‘काकू, जिवंत हाय ती.’ त्याला वाटलं, आपण चांगलं देतोय. तुमी त्याच्या हातानं मला काय पाजलंत, ते त्याला सांगा. न्हायतर म्या येऊन सांगते. माझं तोंड तुमाला ठावं हाय!”

२७ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरांशी बोलले. म्हणाले, सांगा. शांत वेळ बघून सांगा. चिडला, खाणं पूर्ण सोडलं तर लगेच इथं घेऊन या, खाट ठेवतो. अव्वाला फोन केला. ती नको नको म्हणत राहिली, मग रडली, मग म्हणाली, “बलभीमला बाहेर बसवून ठिव.” बलभीम हो म्हणाला. काकूनंच त्याला धाडला असणार.

माझ्या हातचं तो पुन्हा खाणार नाही. हे मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून तर सोळा वर्षं गेली.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळ. तो अंघोळ करतोय. स्वतःहून केली, आज दिवस बरा असावा. बलभीम बाहेर कट्ट्यावर बसलाय.

ओट्यावर त्याचा पेला, गार पाणी, न उघडलेली पुडी. शेजारी बशीत गोळी. अख्खी, कागदातून त्याच्यासमोरच काढीन.

आधी सांगेन — अव्वानं नाही, मी. रोज. त्याच्या डोळ्यांत बघून सांगेन. मग बशी पुढं करेन. तो नाही म्हणेल. पेला भिरकावेल. तरी विचारणार आहे, सोळा वर्षांत न विचारलेलं:

नंदू, ही तू तुझ्या हातानं घेशील?